रांगिटोटोची ट्रिप: चढायला पाचपैकी पाच, माशांना तीन

इंदूरच्या आपल्या मंडळींपैकी ज्यांची मुलं, भाचे-पुतणे न्यूझीलंडात ऑकलंडला आहेत त्यांच्यासाठी खास लिहितोय. ऑकलंडजवळच्या रांगिटोटो या ज्वालामुखीच्या बेटावर जाच, पण मासे पकडायच्या आशेवर दिवस ठरवू नका.

शहरातल्या धक्क्यावरून फेरी बोटीनं अर्ध्या तासाच्या आत पोचवतात. बोटीत चढायच्या आधी बूट ब्रशनं घासा, बॅगा तपासा, उंदीर-मुंग्या-बिया काही जायला नको, कारण उंदीर वगैरे काढून 2011 मध्ये बेट साफ झालंय आणि ते फार जपतात. मला हे आवडलं. स्वच्छतेबद्दल इंदूरवाल्याला कोणी टोकत नाही म्हणून जरा गंमतपण वाटली.

उतरलं की सगळीकडे काळा, धारदार लाव्हा. हा ज्वालामुखी साधारण 600 वर्षांपूर्वीचा, म्हणजे लोकांच्या डोळ्यांदेखत फुटलेला. शेजारच्या मोटुटापू बेटावर त्याच्या राखेत माणसांची आणि कुत्र्यांची पावलं सापडलीयत! आपलं माळव्याचं पठारपण लाव्हाचंच, पण ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं, त्याची झिजून काळी माती झाली आणि त्यात आपण सोयाबीन काढतो. इथं अजून मातीच धड नाही, पाऊस पडला की पाणी सरळ दगडात मुरतं, ना ओढा ना झरा, तरी त्या उघड्या दगडातून पोहुतुकावाची (तिथलं एक स्थानिक झाड) झाडं उगवलीत, आणि हे त्यांचं जगातलं सगळ्यात मोठं जंगल म्हणतात. डिसेंबरात गेलात तर लाल फुलं मिळतील. दगड बघायलाच मी इतका वेळ घालवला की मामेभाऊ वैतागला, त्याला गळ टाकायची घाई.

वर जायला तासभर लागतो, उंची 259 मीटर, शेवटी लाकडी पायऱ्या. आपला इंदूरजवळचा जानापाव डोंगर चढणाऱ्याला काहीच नाही, पण सावली कमी आणि दगड तापतो. चप्पल अजिबात नको. वाटेत लाव्हाच्या गुहा आहेत, त्यासाठी टॉर्च घ्या, मोबाईलच्या उजेडात मजा नाही. दुकान, चहा, पिण्याचं पाणी काही नाही, सगळं घरून न्या. आम्ही पराठे आणि सेव नेली होती, वरून पूर्ण शहर बघत खाल्ली, झकास!

आता मासे. समुद्रात हौसेनं गळ टाकायला तिथं लायसन्स लागत नाही, पण नियम कडक: स्नॅपर (तिथला एक समुद्री मासा) 30 सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर परत पाण्यात, आणि त्या भागात एका माणसाला दिवसाला 7 च. कुठल्या किनाऱ्याला बंदी आहे ते सरकारी नकाशात आधी बघून घ्या. भावाच्या गळाला एक लागला, पट्टी लावली, कमी भरला, सोडला. खरी अडचण वेळेची आहे, स्नॅपर चांगला लागतो पहाटे नाहीतर दिवे लागणीला, आणि फेरी तुम्हाला नेमकं भर उन्हात तिथं सोडते आणि संध्याकाळच्या आधी परत आणते. शेवटची फेरी चुकली तर महागडी वॉटर टॅक्सी बोलवावी लागते, म्हणून गळ लवकर गुंडाळावा लागतो. मासेच हवे असतील तर कोणाची स्वतःची बोट असेल त्याच्याबरोबर भल्या पहाटे निघा, आणि या फेरीच्या टिकटावर फक्त पाय मोकळे करा.