स्टेशनवर उभी राहायला गाडी: अल्टो, वॅगनार, सँट्रो की नॅनो?

आमच्या गावापासून चाळीसगाव स्टेशन 14 किलोमीटर. सकाळी गाडी लावायची, रेल्वेने जळगाव गाठायचं, रात्री आठच्या सुमारास परत. अपडाऊन करणारा माणूस घरची चांगली गाडी तिथे लावत नाही. ती दिवसभर घरच्यांना लागते, आणि स्टेशनवर कोणाच्या मोटारसायकलचं हँडल कधी घासून जाईल त्याचा नेम नसतो. म्हणून दुसरी, जुनी, स्वस्तातली गाडी. माझा मेकॅनिक म्हणतो तसं, "घरनी गाडी येगळी, टेसननी गाडी येगळी."

येगळी म्हणजे कशी? दिवसाला 28 किलोमीटर, तेवढंच तिचं चालणं. बाकी दहा-अकरा तास उन्हात उभी. महिन्याचे 24 दिवस धरले तर पावणेसातशे किलोमीटरही होत नाहीत. त्यात लिटरला 18 देणारी आणि 15 देणारी यांच्यात फरक पडतो साडेसात लिटरचा. तरी घेणारे ॲव्हरेजवरच अडून बसतात. मी आधी पासिंगचं वर्ष आणि इंजिनाचे सीसी बघतो.

त्या हिशेबात सँट्रो झिंग पहिल्या फेरीतच मागे पडते. चालायला दणकट, पण इंजिन 1086 सीसीचं. 2022 च्या जूनपासूनच्या दरात थर्ड पार्टी विमा 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2094 रुपये आहे, त्याच्या वर 1500 सीसीपर्यंत 3416, जीएसटी वेगळा. शिवाय स्वस्तात मिळणाऱ्या सँट्रो बहुतेक पंधरा वर्षांच्या आसपासच्या. पंधरा झाली की री-पासिंग आलं, पर्यावरण कर आला.

नॅनोचा मोह मात्र मलाही झाला होता. जेमतेम 3.1 मीटर लांब, दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत सरकते, रिक्षासारखी जागच्या जागी वळते. 624 सीसी, म्हणजे विमा खालच्या दरातला. पण आधीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही, डिकी बाहेरून उघडत नाही (ती सोय 2015 च्या जेनएक्स मॉडेलला आली), पेट्रोलची टाकी 15 लिटरची आणि तिचं झाकण पुढच्या बोनेटखाली. पंपावर प्रत्येक वेळी बोनेट उघडायचं. पुढची-मागची चाकं वेगळ्या मापाची, त्यामुळे स्टेपनी एकाच मापाची हाताशी. 2018 नंतर गाडी बनलीच नाही. स्टेशन गावातच असेल, एकट्याने जायचं असेल, तर जेनएक्स घ्यायला हरकत नाही. माझ्यासारख्या 14 किलोमीटरवाल्याने भानगडीत पडू नये.

वॅगनार बसायला सगळ्यात सोपी. आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर कमरेत वाकावं लागत नाही. जुनी 998 सीसीची खालच्याच दरात बसते, 2019 नंतरची 1.2 घेतली तर वरच्या. अडचण एकच, तिची किंमत उतरत नाही. त्याच पैशांत अल्टो चार-पाच वर्षं अलीकडची मिळते.

म्हणून मी अल्टो 800 घेतली. 796 सीसी, मारुती 800 च्याच घराण्यातलं इंजिन. फाट्यावरच्या टपरीतला पोरगाही खोलून जोडतो. दोन गोष्टी बघा. सगळ्यात खालच्या स्टँडर्ड मॉडेलला एसी नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो नसला तर गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. दुसरं, 800 ला ऑटो गिअर आलाच नाही, पण के10 अल्टो बघत असाल तर गिअर साधेच घ्या. दिवाळीच्या सुट्टीत बॅटरी उतरली तर साधी गाडी चार जणांच्या धक्क्याने सुरू होते, ऑटो गिअरची होत नाही. स्टेशनवर धक्का द्यायला माणसं कमी पडत नाहीत.

माझी चूक टायरमध्ये झाली. नक्षी नव्यासारखी दिसली म्हणून 2021 मध्ये खूश होऊन गाडी घेतली. कडेवर 1413 कोरलेलं होतं, म्हणजे 2013 च्या चौदाव्या आठवड्यातलं टायर. मला तेव्हा ते वाचता येत नव्हतं. दुसऱ्या मेमध्ये कडेला फुगा आला आणि रात्री गावच्या फाट्यावर फुटलं. स्टेशनची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालते. तिचं टायर झिजत नाही, उन्हात वाळून तडकतं. चारही टायरांचे आकडे वाचा आणि नव्या टायरांचे पैसे किमतीतून उतरवून घ्या.

पांढरा रंग मिळाला तर घ्या. उन्हाळ्यात गाडी लावताना स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवून ठेवा, हाताची जागा खाली सावलीत जाते. नाहीतर संध्याकाळी रुमाल गुंडाळूनच गाडी चालवावी लागते. निंबाखाली सावली असते, पण जून आला की टपावर लिंबोळ्यांचा चिकट थर बसतो. तो मी सोसतो.

गाडी बघायला सकाळी लवकर आणि न सांगता जा. सेल्फ मारायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर मालकाने आधीच एकदा सुरू करून ठेवलेली आहे. चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या.