लॉक होणारी जोडी की सैल शेल? पहिले गिमिक नाणे निवडताना

हातचलाखीचा पाया पक्का झाला आणि साधी नाणी तळहातात विनासायास राहू लागली, की बहुतेक जादूगारांचे लक्ष गिमिक, म्हणजे आत गुप्त रचना केलेल्या, नाण्यांकडे वळते. तेथे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, एकमेकांत घट्ट बसणारी, म्हणजे लॉक होणारी जोडी घ्यावी की नाणे सहज आत-बाहेर होणारे सैल शेल घ्यावे. दोन्हींचे तत्त्व एकच आहे. पोखरलेल्या नाण्याच्या, म्हणजे शेलच्या, पोटात दुसरे नाणे बसते आणि दोनांचे एक दिसू लागते. फरक आहे तो ती दोन नाणी पुन्हा वेगळी कशी होतात यात, आणि माझ्या मते निवड याच गोष्टीवरून करावी, कारण विक्रीच्या वर्णनात नाणे आत कसे जाते हे सविस्तर असते, ते बाहेर कसे येते याला मात्र जेमतेम अर्धी ओळ मिळते.

लॉक होणाऱ्या जोडीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘स्कॉच अँड सोडा’. तिच्या जुन्या रूपात अमेरिकन हाफ डॉलरचे शेल असते आणि त्यात मेक्सिकोचे २० सेंतावोचे तांबूस नाणे लपते. हाफ डॉलरचा व्यास ३०.६ मिमी आणि सेंतावोचा २८.५ मिमी, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून सुमारे २ मिमी जागा उरते, आणि या दोन नाण्यांची जोडी इतकी वर्षे टिकून राहण्यामागे हे मापांचे जुळणे हे एक मोठे कारण असावे. आतल्या नाण्याची एक बाजू सेंतावोची आणि दुसरी हाफ डॉलरची असते, म्हणून बंद झालेली जोडी उलटीसुलटी कशीही पाहिली तरी हाफ डॉलरच दिसते. बसण इतकी घट्ट असते की नुसत्या बोटांनी ती सुटत नाही.

या जोडीचे बळ तिच्या घट्टपणात आहे, आणि ते मान्य करताना मी जराही हात आखडता घेणार नाही. प्रेक्षकाच्या स्वतःच्या मुठीत दोन नाणी दिली, त्याने ती पाठीमागे नेली, चांदीचे म्हणून एक पुढे केले आणि दुसरी मूठ उघडली तर तेथे तांब्याचे नाणे नाहीच, असा प्रसंग सैल शेलने घडवता येत नाही. शेल आणि आतले नाणे प्रेक्षकाच्या हातात असताना ती सुटू नयेत, ही या प्रयोगाची अटच आहे. शिवाय बंद जोडी हाताळायला देता येते, टेबलावर अलगद टाकता येते आणि तिचे वजन खऱ्या नाण्याच्या इतके जवळ असते की शंका यावी असे त्यात काही राहत नाही.

सैल शेलची घडण वेगळी आहे. त्यात खरे नाणे एका बाजूने लेथवर पोखरतात, आणि त्याच मापाचे दुसरे खरे नाणे आत मावावे इतपत त्याचा घेर वाढवतात. म्हणूनच त्याला एक्स्पांडेड शेल म्हणतात. त्यात काहीही अडकत नाही. हात फिरवला की आतले नाणे स्वतःच्या भाराने बाहेर येते, आणि बोटाचा हलका दाब असेपर्यंत आत राहते. घेर वाढलेला असल्यामुळे ते साध्या नाण्यांच्या रांगेत ठेवले तर बारकाईने पाहणाऱ्याला किंचित मोठे वाटू शकते, पण नाणी हलती राहिली तर माझ्या अनुभवात हा फरक कोणाच्या लक्षात आलेला नाही. आवाजाचे मात्र तसे नाही. रिकामे शेल टेबलावर टाकले की त्याचा नाद पातळ येतो, आणि संगीताचा कान असलेला प्रेक्षक समोर असेल तर तो मान वर करून पाहतो. त्यामुळे रिकामे शेल टाकायचे नाही, ठेवायचे असते, आणि ही सवय लागायला बराच काळ जातो.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिने माझ्यापुरता निर्णय झाला. लॉक झालेली जोडी उघडण्यासाठी एक कडे लागते, ज्याला बँग रिंग म्हणतात. त्याच्या आतल्या पायरीवर शेलची कड टेकते आणि आतले नाणे खालच्या बाजूस मोकळे राहते. मग ते कडे टणक पृष्ठभागावर सपाट आपटले की शेल कड्याबरोबर जागच्या जागी थांबते आणि आतले नाणे जडत्वाने खाली निसटते. तत्त्व निर्दोष आहे, आणि चांगल्या बनावटीच्या जोडीत ते पहिल्याच आघातात काम करते. अडचण अशी की हा आघात प्रयोगाच्या जागी करता येत नाही. आपण ज्या मऊ मॅटवर काम करतो ती आघात गिळून टाकते आणि नाणे ढिम्म हलत नाही. लाकडी किंवा दगडी पृष्ठभाग शोधावा, तर ठोक्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो आणि तो कशाचा हे कोणीतरी विचारतेच. म्हणजे प्रयोग संपला की उठून आड जायचे, कडे काढायचे, नाण्याची बाजू बरोबर खाली आहे ना हे पाहायचे, ठोका द्यायचा, आणि मगच पुढच्या मंडळींसमोर यायचे.

एकाच मैफलीत एकदाच हा प्रयोग करणाऱ्याला यात काही वावगे वाटणार नाही, हे मी जाणतो. पण मी बहुधा एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जात काम करतो, आणि तेथे ‘पुन्हा एकदा दाखवा’ ही मागणी हमखास येते. त्या क्षणी खिशातले सर्वांत महागडे नाणे निरुपयोगी होऊन बसलेले असते, ते कड्याशिवाय जिवंत होत नाही आणि कडे काढण्याची सोय नसते. त्यातच घामाचा आणि धुळीचा थर खोबणीत साचला की बसण आणखी घट्ट होते आणि एका ठोक्याचे दोन-तीन ठोके होतात. पॉलिशने नाणी चकचकीत ठेवणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी, कारण पॉलिशचा वाळलेला अंश नेमका त्या खोबणीत राहतो.

जडत्वाने नाणे उघडण्याची एक गोष्ट जादूच्या बाहेरचीही आहे. १९५३ साली ब्रुकलिनमध्ये वर्तमानपत्रे टाकणाऱ्या एका मुलाच्या हातून ५ सेंटचे नाणे खाली पडले आणि त्याचे दोन भाग झाले. आत अंकांच्या स्तंभांचे सूक्ष्म छायाचित्र निघाले. ते सोव्हिएत हेरांचे पोकळ नाणे होते, आणि ते उघडता यावे म्हणून त्याच्या दर्शनी बाजूवरील ‘ट्रस्ट’ या शब्दातल्या ‘आर’ अक्षरात सुई घालण्यापुरते छिद्र होते. सुईने उघडायचे नाणे पडल्यामुळे उघडले. घट्ट बसवलेले नाणे आपटल्यावरच सुटावे आणि नको तेव्हा आपटले तरीही सुटू शकावे, हा दोष बसणीवर विसंबणाऱ्या प्रत्येक नाण्यात थोडाफार असतो; म्हणून लॉक जोडी प्रेक्षकाच्या हातात देताना खाली फरशी आहे की गालिचा, हे मी पाहून घेतो.

चुंबकाची जोडी हा या दोन्हींमधला मध्यममार्ग म्हणून सुचवला जातो. शेलमध्ये बारीक चुंबक, आतल्या नाण्यात पोलादी पत्रा, आणि कड्याची गरज नाही. ती उघडायला सोपी आहे यात शंका नाही, पण बंद होताना येणारा टिचकीसारखा आवाज मला खटकतो, आणि खिशातल्या किल्ल्या तिला चिकटून येतात. सामान्य प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची ताकद सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची घटू लागते, त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेपाशी अशी जोडी ठेवू नये. तीन तुकड्यांत कापलेले आणि कडेच्या खोबणीतल्या रबराने जोडलेले घडीचे नाणे बाटलीत नाणे घालण्याच्या प्रयोगासाठी असते. त्याची या निवडीत गणना करू नये. त्याचे रबर कालांतराने चिरते आणि तुटते, एवढे लक्षात ठेवून जादा रबरे जवळ बाळगावीत.

सैल शेलचा खरा शत्रू म्हणजे पडणे. त्याची भिंत पातळ असते, आणि कडेवर पडून ती जराशी जरी लंबगोल झाली तरी नाणे एका विशिष्ट कोनात अडकू लागते, तेही नेमके सुटायला हवे तेव्हा. पकडीने दाबून ते सरळ करण्याचा मोह टाळावा. त्यासाठी योग्य मापाचा गोल साचा लागतो आणि ते काम अनुभवी हाताचे आहे. म्हणून शेल मऊ पिशवीत, एकटे ठेवावे, साध्या नाण्यांच्या गर्दीत नाही. ही काळजी घेतली तर लॉक जोडीला जे जमत नाही ते शेल करते: चार नाणी एकेक करून अदृश्य करता येतात, परत आणता येतात आणि तोच क्रम लगेच दुसऱ्या गटासमोर पुन्हा मांडता येतो, मध्ये उठून जावे लागत नाही.

तरी ज्यांना एकच प्रयोग पक्का बसवायचा आहे आणि प्रेक्षकाच्या मुठीतला तो क्षण ज्यांना हवाच आहे, त्यांनी लॉक जोडी निःशंक घ्यावी. त्या एका गोष्टीत तिला पर्याय नाही. इतरांनी, विशेषतः फिरत काम करणाऱ्यांनी, आधी शेल घ्यावे असे मला नम्रपणे वाटते. घेताना जुन्या, झिजलेल्या नाण्याचे शेल मिळाले तर ते पसंत करावे, कारण झिजलेल्या धातूचा खणखणाट कमी असतो आणि हातात त्याची सरक चांगली असते. सोबत वापरायची साधी नाणीही तितकीच झिजलेली असावीत. नाणे शेलमध्ये घालून शेल पालथे करावे, मग नाणे थोडे फिरवून पुन्हा घालावे आणि पुन्हा पालथे करावे. प्रत्येक कोनात ते आपल्या भाराने, न अडखळता सुटत असेल तरच पैसे द्यावेत.