डाय की पिगमेंट? ट्रेमध्ये पडणारा कागद आणि कोकणातला पाऊस

टाकीवाला इंकजेट प्रिंटर घ्यायचा हे ठरलंय, पैशांचीही सोय झाली आहे, अडलंय ते एवढ्यावरच की काळी शाई डाय (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) असलेला घ्यावा की पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) असलेला. अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहितोय. मिनिटाला किती पानं, पानामागे किती पैसे, वायफाय आहे की नाही, हे खोक्यावर छापलेलं असतं आणि विक्रेत्याला तोंडपाठ असतं. छापलेला कागद ट्रेमध्ये येऊन पडताना माखतो का, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही. ते कळतं जुलै महिन्यात.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या जवळ, अर्ज, दाखले, सातबारा, बायोडेटा काढून देण्याचं दुकान चालवतो. दोन्ही जातींच्या शाया वापरून झाल्या आहेत. यंत्रं कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नाही, बाटलीचा आहे. एप्सनचीच 003 क्रमांकाची शाई डाय आहे, आणि 008 मध्ये चारही रंग पिगमेंट. कॅननच्या जी मालिकेत किंवा एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये बहुतेक मॉडेलांत काळी पिगमेंट आणि बाकी तीन रंग डाय असा मिश्र कारभार असतो. म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका, बाटलीचा क्रमांक विचारा आणि काळी कोणती ते बघा.

आता कागद बाहेर येतो त्या क्षणाविषयी. इथे बहुतेक लोकांचा अंदाज चुकतो, असं मला वाटतं. "पिगमेंट पाण्याने जात नाही, म्हणजे ती माखणारही नाही" असं गृहीत धरून लोक यंत्र घेतात आणि पहिल्याच दिवशी ठळक मथळ्याखाली काळा फराटा बघून हबकतात. साध्या झेरॉक्स कागदावर, यंत्राच्या तोंडाशी, डायच जास्त कोरडी असते. डायचा रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, तो पाण्याबरोबर कागदाच्या तंतूंत उतरतो आणि बोट लावेपर्यंत आत गेलेला असतो. पिगमेंटचे कण विरघळत नाहीत. मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपासचे ते कण कागदाच्या वरच्या थरातच अडकावेत, म्हणजे अक्षराची कड धारदार येईल, अशीच ती शाई बनवलेली असते. त्याची किंमत म्हणजे काही सेकंद ती वर ओली राहते. बारीक मजकुराला काही होत नाही. पण ठळक शीर्षक, तक्त्याची काळी पट्टी, कॉलेजच्या प्रोजेक्टचं काळ्या पार्श्वभूमीचं मुखपृष्ठ, अशा ठिकाणी मागून आलेल्या कागदाची कड आधीच्या कागदावरून घासत जाते आणि शाई ओढून नेते. कधी वरच्या कागदाच्या पाठीवर उलटा छाप उमटतो.

तेव्हा तोंडाशी डाय सरस, हे मान्य करून पुढे जाऊ.

पण या फराट्यावर इलाज आहे आणि तो फुकट आहे. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन पानांच्या मध्ये थांबा देण्याची सोय असते. कॅननमध्ये तिचं नाव 'इंक ड्रायिंग वेट टाइम', एचपीच्या काही यंत्रांत 'ड्राय टाइम'. यंत्र छापलेला कागद थोडा वेळ धरून ठेवतं आणि मग सोडतं. वेग पडतो, पण माझ्याकडे एका गिऱ्हाइकाची दोन-चार पानं असतात, तिथे तो जाणवत नाही. शंभर प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकाला जाणवेल, हे खरं. दुसरा इलाज शाईच कमी टाकण्याचा. साध्या कागदावर 'हाय' दर्जा निवडण्यात काही अर्थ नसतो. 'स्टँडर्ड'वर ठेवा आणि मजकूर अगदीच गडद येत असेल तर घनता एक पायरी उतरवा. कागदाचा प्रकार 'प्लेन' आहे ना तेही बघा. आधीच्या गिऱ्हाइकाचे फोटो काढताना निवडलेला 'ग्लॉसी' तसाच राहिला, तर साध्या कागदावर भसाभस शाई ओतली जाते. माखण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटत असाव्यात, असा माझा आपला अंदाज.

पाठपोट छपाईत पिगमेंट जरा जास्त त्रास देते. पहिली बाजू छापून कागद परत आत ओढला जातो तेव्हा रोलर ओल्या शाईवरून फिरतात. म्हणून यंत्र मधे थांबतं, आणि काही यंत्रं तर पाठपोट निवडलं की काळी बाटली बाजूला ठेवून तीन रंगांच्या मिश्रणातून काळा तयार करतात, कारण ते रंग डाय असतात आणि लवकर मुरतात. अक्षर किंचित फिकट दिसतं आणि रंगाच्या बाटल्या उगाच उतरतात. दुसऱ्या बाजूने डायचं पाठपोटातलं दुखणं वेगळं: ती इतकी आत जाते की 70 जीएसएमच्या (चौरस मीटरमागे 70 ग्रॅम वजनाच्या) कागदावर मागचा मजकूर पुढे डोकावतो. 75 किंवा 80 जीएसएम घेतला की दोन्ही दुखणी बरीच कमी होतात.

शाईला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासा, ती दोन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे. डाग जर प्रत्येक पानावर त्याच जागी, कडेला किंवा मागच्या बाजूला येत असेल, तर तो शाईच्या ओलेपणाचा नाही. यंत्राच्या पोटात, कागद ज्या पट्टीवरून सरकतो तिथे शाई साचलेली असते. बिनकडेची छपाई केली की हमखास साचते. देखभालीच्या यादीत त्याची सफाई असते. मधोमध दुमडून पुन्हा उलगडलेला कोरा कागद आत सोडायचा, तो पट्टीवरची शाई टिपून बाहेर येतो. आणि डाग फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला येत असेल तर कागद फुगून शाई फवारणाऱ्या हेडला टेकतोय. त्यासाठी 'प्रिव्हेंट पेपर अब्रेजन' किंवा 'थिक पेपर' असा पर्याय सापडेल, तो लावला की हेड आणि कागद यांतलं अंतर वाढतं.

कागद फुगतो म्हटलं की आमच्याकडे पावसाळा आलाच. जुलैत इथल्या हवेत 80–90 टक्के आर्द्रता असते. उघडी ठेवलेली रिम एका रात्रीत पापडासारखी सादळते. सादळलेला कागद शाई नीट शोषत नाही, त्याला लाटा येतात, आणि ट्रेमध्ये तो सरळ पडत नाही, कमान करून बसतो. मग पुढचा कागद त्याच्या पाठीवर न येता पोटात घुसतो. त्यात शाईचं स्वतःचं एक गुपित आहे. हेडची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, सुकून बंद पडू नयेत म्हणून तिच्यात ग्लिसरीन, ग्लायकॉल असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. कोरड्या हवेत ते निमूट राहतात. दमट हवेत तेच पदार्थ छापलेलं अक्षर ओलसर ठेवतात. पुण्या-नगरकडचा माणूस "डायला काही होत नाही हो" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याची हवा वेगळी असते. माझ्याकडे रिम कपाटात, आत लहानसा बल्ब लावून ठेवलेली असते, आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद भरतो. पंखा मात्र यंत्रावर रोखू नका. कागद उडून आणखी घासतो, आणि हेडवर वारा बसला तर नोझल सुकण्याची भीती.

इथवर पाहिलं तर पारडं डायकडे झुकलेलं वाटेल. माझंही बरेच दिवस तसंच होतं. ते फिरलं एका कटकटीमुळे, आणि ती कटकट यंत्राच्या तोंडाशी नव्हती, गल्ल्याच्या पलीकडे होती.

डायच्या यंत्रातून सातबारा निघायचा, हाताला कोरडा लागायचा, मी शिक्का मारून द्यायचो. गिऱ्हाईक तो घेऊन पावसात बाहेर पडायचं. रेनकोटाच्या खिशात, ओल्या छत्रीच्या शेजारी, किंवा आतून घाम धरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद जायचा. कचेरीच्या रांगेत उभं राहून खिडकीपाशी पोचेपर्यंत खातेदाराच्या नावावर अंगठ्याचा ठसा, गट क्रमांकाचा निळसर ढग, आणि क्यूआर कोड असा पसरलेला की मोबाइल त्याच्याकडे बघून नुसता विचार करतोय. क्लार्क म्हणणार, "हे चालणार नाही, दुसरं आणा." मग तेच गिऱ्हाईक माझ्या दारात: "दादा, तुमची शाई कच्ची आहे." त्याला काय सांगणार? कागद माझ्या हातात होता तोवर चांगला होता, हे खरं असलं तरी त्याच्या उपयोगाचं नाही. पान पुन्हा फुकट काढून द्यायचं. पैशांचं सोडा, पानाला असे कितीसे पडतात. पण मागे उभी असलेली चार माणसं ते बघत असतात, आणि रांगेतला त्याचा नंबर गेलेला असतो तो गेलेलाच.

अर्ज भरून देताना तर आणखी. डायने छापलेल्या ओळीवर ओला हात ठेवून माणूस सही करतो आणि तळव्याला अक्षरं लागतात. वर कोणी हायलायटर फिरवला की पिवळ्याचा हिरवट-काळा चिखल.

पिगमेंटचा फराटा माझ्यासमोर पडतो. मी तो बघतो, थांबा वाढवतो, कागद बदलतो, पान टाकून देतो. डायचा डाग मी नसताना पडतो, आणि त्यावर ड्रायव्हरमध्ये कुठलीही सोय नाही. पिगमेंट एकदा सुकली की साध्या कागदावर पाण्याचा थेंब पडूनही अक्षर वाचता येतं. कागद चुरगळेल, लाट येईल, पण नाव जागेवर राहतं. हे मी कुठल्या प्रयोगशाळेत मोजलेलं नाही. परत येणारी माणसं कमी झाली, एवढंच माझं मोजमाप.

पिगमेंटच्या विरोधातही बोलायला हवं. चकचकीत फोटो पेपरवर तिचे कण वरच बसतात आणि नखाने खरवडले जातात, म्हणून मिश्र यंत्रं त्या कागदावर सहसा काळी पिगमेंट वापरतच नाहीत. यंत्र बरेच दिवस बंद राहिलं तर ती हेडमध्ये जास्त चिवट बसते, असं दुरुस्ती करणारे सांगतात. माझं यंत्र रोज चालतं, तेव्हा माझ्यावर ती वेळ आलेली नाही. मिश्र यंत्रात रंग डायच असल्याने रंगीत लेटरहेड भिजलं तर ते जाणारच. चारही रंग पिगमेंट असलेलं यंत्र हा त्यावरचा उपाय, पण ते महाग पडतं आणि दाखले-अर्जांच्या धंद्यात परवडेल असं मला वाटत नाही. आणि कृपा करून डायच्या यंत्रात बाजारातली सुटी पिगमेंट ओतण्याचा उद्योग करू नका. स्वस्तात सुटल्यासारखं वाटतं, पण ते हेड त्या शाईसाठी जुळवलेलं नसतं.

"मग सरळ लेझरच घ्या ना" असं कोणीतरी म्हणेलच. फक्त काळं छापायचं असेल तर म्हणणं बरोबर आहे; टोनर उष्णतेने वितळून कागदाला चिकटतो, माखण्याचा प्रश्नच उरत नाही. पण त्या उष्णतेला वीज लागते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि दुकान इन्व्हर्टरवर येतं. लेझर तापायला लागला की लहान इन्व्हर्टर ओरडतो, इंकजेट मात्र एखाद्या बल्बएवढ्या विजेवर मुकाट्याने छापत राहतो.

तुम्ही देशावर राहत असाल, घरात मुलांचे प्रोजेक्ट आणि फोटो एवढंच काम असेल, कागद घराबाहेर फारसा जाणार नसेल, तर डाय घ्या. फोटो उजळ येतात, थांबा लावायची कटकट नाही. पण कागद दुसऱ्याच्या हातात देणं हाच तुमचा धंदा असेल, त्यातून किनारपट्टीला असाल, तर मी काळी पिगमेंट आणि रंगीत डाय असलेल्या मिश्र यंत्राकडे बोट दाखवीन. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचा थांबा वाढवायचा, दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा कमी करायचा. माझं जुनं डायचं यंत्र मी विकलेलं नाही; पासपोर्ट फोटो अजून त्याच्यावरच काढतो.