कॅप हलली म्हणजे इम्प्लांट गेलं असं नाही

खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे मुळाऐवजी हाडात बसवलेला स्क्रू, असतो आणि त्यावर कॅप. ही कॅप वर्षभरात डुगडुगू लागते. दुखत नाही, सूज नाही. दवाखान्यात सांगतात, ‘इम्प्लांट फेल झालं, काढून नवीन घालावं लागेल,’ आणि दुसऱ्यांदा पूर्ण बिल लागतं. सगळ्यात महागात पडणारी फसवणूक हीच.

अशा वेळी एक्स-रे काढून तो स्वतः बघायला मागा. हाडातल्या स्क्रूच्या आट्यांना हाड लगटून असेल, तर इम्प्लांट बहुधा शाबूत आहे. बऱ्याचदा ढिला झालेला असतो तो वरचा बारीक स्क्रू, कॅपखालचं अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप जोडणारा तुकडा) आवळून धरणारा. स्क्रूवाली कॅप असेल तर चावायच्या बाजूचं फिलिंग आणि त्याखालची टेफ्लॉनची पट्टी काढून तो बदलता येतो. सिमेंटने चिकटवलेली असेल तर कॅपला वरून भोक पाडावं लागतं, पण काम तेच. हाड फोडायचं काही कारण नाही.

स्क्रू ढिला का होतो? बऱ्याचदा इम्प्लांट नामांकित कंपनीचं असतं, बिलही त्याच कंपनीच्या पूर्ण संचाचं असतं, वर मात्र ‘कंपॅटिबल’ म्हणून मिळणारं स्वस्त अबटमेंट बसवलेलं असतं. दिसायला सारखंच. पण सांधा तंतोतंत बसला नाही, की प्रत्येक घासाला ते कणभर हलतं आणि दाढेवरच्या जोराने स्क्रू सैल होत जातो, कधी मोडतोही. दुसरं कारण निव्वळ हलगर्जीपणा. टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, कंपनी सांगेल तेवढं, साधारण 25 ते 35 न्यूटन-सेंटीमीटर आवळायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा आवळायचं, हे सोडून नुसतं हाताने पिळतात.

हिरडीतून रक्त किंवा पू येत असेल तर प्रकरण वेगळं. सिमेंटचे कण हिरडीखाली राहिले की हाड झिजत जातं, आणि पेशंटला ऐकवलं जातं की ‘तुम्ही नीट ब्रश करत नाही.’ काही सिमेंटं एक्स-रेत दिसतही नाहीत. शेजारी अन्न अडकण्याचा दोष मात्र दर वेळी डॉक्टरांना देऊ नये. इम्प्लांट जागचं हलत नाही, शेजारचे खरे दात वर्षानुवर्षं पुढे सरकतात, त्यामुळे फट पडू शकते. पहिल्याच आठवड्यात फ्लॉस सैल जात असेल, तर मात्र कॅपच चुकलेली आहे.

पैसे देण्याआधी इम्प्लांट, अबटमेंट आणि कॅप यांचे भाव वेगवेगळे लिहून घ्या. ‘एक इम्प्लांट अमुक हजार’ या जाहिरातीत बहुधा फक्त हाडातला तुकडा धरलेला असतो. बाकीचा आकडा कळतो तो तीन-चार महिन्यांनी, अर्ध्या वाटेवर. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असलेला सुटणारा स्टिकर असतो, तो फाइलला लावून घ्या. अबटमेंटचाही मागा. ‘पाकीट फेकलं’ हे उत्तर पटवून घेऊ नका. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे आणि तिथे हेच कागद लागतात. काढलेला जुना स्क्रूही कचऱ्यात जाऊ देऊ नका, डबीत घालून मागून घ्या.