इमेज मॅग्नेटोमीटर जाळं: अरोराच्या एका अख्ख्या हंगामानंतर

फिनलंडच्या लॅपलँडमधल्या रोव्हानिएमीला राहायला आल्यावर सगळ्यांसारखं मीही फोनवर अरोराचं, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचं, एक अ‍ॅप टाकलं. केपीचा आकडा 5 च्या वर गेला की ते वाजायचं. सप्टेंबर ते एप्रिल मात्र मी जवळजवळ रोज रात्री इमेज या मॅग्नेटोमीटरच्या (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रांच्या) जाळ्याचे आलेख पाहिले, आणि आता ठामपणे सांगते: लॅपलँडमध्ये राहणाऱ्याने केपीवर विसंबू नये.

केपी म्हणजे 13 वेधशाळांच्या नोंदींवरून काढलेला अख्ख्या पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा आकडा, तोही तीन तासांचा. त्यातल्या बहुतेक वेधशाळा आमच्यापेक्षा बऱ्याच दक्षिणेला. इथे आकाशातला मुख्य खेळ कधीकधी दहा मिनिटांत आटोपतो, त्याचा पत्ता या आकड्यातून कसा लागणार?

इमेजचं काम फिनलंडची हवामान संस्था सांभाळते. स्वालबार्डपासून बाल्टिकच्या दक्षिणेपर्यंत चाळीसहून जास्त केंद्रं आणि दर 10 सेकंदांना एक नोंद. आलेख कोणालाही फुकट पाहता येतात. मी रोज पाहते ती एक्स रेघ, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा उत्तरेकडचा घटक. जमिनीपासून सुमारे 100 ते 110 किलोमीटरवर अरोराच्या पट्ट्यातून विद्युतप्रवाह वाहतो. संध्याकाळी तो पूर्वेकडे असतो, तेव्हा एक्स थोडा चढतो. मध्यरात्रीच्या सुमारास पश्चिमेकडचा प्रवाह जोर धरतो आणि एक्स कोसळतो.

फेब्रुवारीतल्या एका रात्री केपी जेमतेम 3 होता. मी औनासवारा टेकडीवर फोन हातात धरून उभी. उत्तरेला एक फिकट हिरवी कमान बराच वेळ नुसती हळूहळू दक्षिणेकडे सरकत होती. मग पेल्लो केंद्राची एक्स रेघ दोन-तीन मिनिटांत सुमारे 300 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली गेली. वर पाहते तर कमानीची खालची कड लख्ख पेटलेली, आणि बघता बघता पट्टे घड्या घालत माझ्या डोक्यावरून उत्तरेकडे पसरले. आलेखातही तसंच: पेल्लोमागून सोदांक्युला, मग केवो, आणि बऱ्याच वेळाने समुद्रातलं ब्योर्नोया. पसरत जाणारी ही घडण शास्त्रज्ञ शुन-इची अकासोफू यांनी 1964 मध्ये मांडली, ती 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जागोजागी लावलेल्या, पूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या जोरावर. एका ठिकाणी उभं राहून ती दिसणंच शक्य नव्हतं. त्याच्याही आधी, 1902-03 मध्ये नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्कलँड यांनी नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गेन आणि नोव्हाया झेमल्या अशा चार ठिकाणी नोंदी घ्यायला माणसं हिवाळाभर बसवली होती. त्या थंडीत! मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

झेड रेघेचाही, म्हणजे क्षेत्राच्या खालच्या दिशेच्या घटकाचाही, उपयोग शिकून घ्या. एक्स पडलेला असताना झेडही खाली गेला, तर पश्चिमेकडचा प्रवाह त्या केंद्राच्या उत्तरेला आहे. वर गेला तर दक्षिणेला. कुठल्या दिशेला तोंड करून उभं राहायचं ते एवढ्यावरून कळतं.

आता मर्यादा. वेळ युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते: हिवाळ्यात दोन तास मिळवा, मार्चअखेरीनंतर तीन. ब्योर्नोया आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये नुसता समुद्र, त्यामुळे तिथल्या घडामोडी अंदाजानेच घ्याव्या लागतात. ढगांचं तर मॅग्नेटोमीटरला काहीच कळत नाही, म्हणून सोदांक्युला आणि किरुनाचे आकाश-कॅमेरे सोबत उघडून ठेवा. आणि रेघा पूर्ववत होऊ लागल्या म्हणून घरी पळू नका. पहाटेकडे आकाशभर लुकलुकणारे ठिपके येतात, आलेखात त्यांचा मागमूस फारसा नसतो, पण मला तेच जास्त आवडतात.

अलिबागच्या वेधशाळेची रेघही मी अधूनमधून पाहते. तिथे अरोराचा प्रवाह नव्हे, तर मोठ्या चुंबकीय वादळात पृथ्वीभोवती तयार होणारा वलयप्रवाह उमटतो. हिच्या आधीच्या कुलाबा वेधशाळेने 1859 च्या वादळात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घसरण नोंदली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडतील म्हणून 1904 मध्ये काम अलिबागला हललं.

नवीन माणसाने सगळी केंद्रं एकदम उघडू नयेत. आधी आठवडाभर सोदांक्युला, पेल्लो आणि औलुयार्वी एवढ्याच रेघा पाहाव्यात. मी आता हेलसिंकीजवळच्या नुर्मियार्वीवरही डोळा ठेवते: तिथली रेघ जोरात पडली की हेलसिंकीतल्या ओळखीच्या मराठी घरांना लगेच फोन करते आणि दिव्यांपासून लांब जायला सांगते.