स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्यानं आणा, बाकीची हत्यारं घरची ठेवा

हिंगणघाटला हायवेच्या अंगाला स्पेअर पार्टचं एक दुकान आहे. तिथं डिपॉझिट ठेवून हत्यारं भाड्यानं मिळतात. वॅगनआरचे पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, घरी बदलायचे म्हणून मी तिथून स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर, उचललेली गाडी टेकवायचे दोन स्टँड आणि ठरवलेल्या जोराला 'टिक्' वाजणारा एक टॉर्क पाना आणला. कॉम्प्रेसर पुन्हा तिथूनच आणीन. स्टँड आणि टॉर्क पाना मात्र आणणार नाही.

माझी उमेदीची वर्षं एसटीच्या हिंगणा कार्यशाळेत गेली, त्यामुळे हत्याराची खोड लवकर कळते. पण एसटीचं काम पाट्यांच्या स्प्रिंगचं, कारचं गुंडाळीच्या स्प्रिंगचं. वॅगनआरच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन पद्धत आहे. शॉकअप, त्याभोवती स्प्रिंग आणि वरचा माउंट, म्हणजे माथ्याची बैठक, सगळं एकाच जुडग्यात. समोरच्या एकेका चाकावर गाडी उभ्या उभ्या दोन-अडीचशे किलोचा भार देते, आणि जुडगं बाहेर काढलं तरी स्प्रिंग दाबलेलीच असते. ती आवळून न धरता माथ्यावरचा मधला नट सोडला, तर माउंट कुठं जाईल आणि तुमचा जबडा कुठं, याचा नेम नाही. म्हणून कॉम्प्रेसर लागतोच. दोरखंड, साखळी, तारेची वळकटी असले गावठी उपाय इथं चालत नाहीत.

काउंटरवरच्या पोरानं आधी मला न्याहाळलं. "काकाजी, तुमाले काहाले पायजे हे? गॅरेजवाल्याले द्या ना." मी म्हटलं, "बाबू, डबा तर उघड."

डब्यात लांब आट्यांचे दोन स्क्रू आणि प्रत्येकाला दोन-दोन आकडे. एका आकड्याची, स्प्रिंगच्या वेढ्यावर अडकून राहणारी, पिन गायब होती. त्या पिनेशिवाय आकडा वेढ्यावरून घसरू शकतो. पोरगं म्हणालं, "तसाच चालते." मालकाला बोलावलं. त्यानं वाद न घालता आतून दुसरी जोडी आणली आणि पिनवाला आकडा काढून दिला. दुकानाला मी मार्क देतो ते इथं. हत्यार तपासून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्याला राग येत नाही.

आट्या मात्र कोरड्या ठणठणीत होत्या, वर काळ्या मातीचा लेप. घरी आणून तारेच्या ब्रशनं घासल्या, ग्रीस लावलं, तेव्हा कुठं स्क्रू हातानं फिरायला लागला. तुम्ही आणाल तेव्हाही हे करा. कोरड्या आटीवर जोर लावला की आटी खरवडते. दोन्ही स्क्रू स्प्रिंगच्या समोरासमोर लावायचे आणि थोडं इकडं, थोडं तिकडं असं आळीपाळीनं आवळायचं. एकच बाजू ओढली की स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते. पोरानं बॅटरीची इम्पॅक्ट गनही भाड्यानं घ्या म्हणून आग्रह केला. ती या स्क्रूवर लावू नका, हातातला पानाच बरा. माउंट सैल वाटून हलायला लागला की आवळणं थांबवा आणि मगच मधल्या नटाला हात लावा. स्प्रिंगच्या तोंडासमोर स्वतःचं तोंड आणू नका.

आता स्टँड. दोन्ही तिपाई, पाय निमुळते. सिमेंटच्या फरशीवर ठीक असतील. पण आमच्या आवारात काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती लोण्यासारखी दबते, तिच्यावर असे पाय रुततात. मी खाली बाभळीच्या जाड फळ्या टाकल्या. एका स्टँडच्या दातऱ्यात कुत्रं, म्हणजे उंची अडवणारी खिट्टी, नीट बसत नव्हतं, म्हणून तो वापरलाच नाही, शेजाऱ्याकडून त्याचा आणला. स्टँड जन्मभर कामी पडतात, ते विकतच घ्या, रुंद बुडाचे. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर गाडी ठेवून खाली शिरणारे आमच्या गावात कमी नाहीत. त्यांना सांगून काही उपयोग होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

टॉर्क पाना दुकानातून आला तो मोठ्या आकड्यावर आवळलेला. म्हणजे आधीच्यानं काम झाल्यावर पान्याच्या आतली स्प्रिंग सैल करून ठेवली नव्हती, आणि दुकानानंही पाहिलं नाही. असा पाना महिनोन्‌महिने ताणलेला राहिला की त्याच्या 'टिक्‌'वर भरवसा ठेवता येत नाही. चाकाचे नट 85 न्यूटन मीटरला आवळायचे असतात, पाना तिथं खरं बोलतोय की थापा मारतोय हे कसं कळणार? त्या रात्रीच मुलाला सांगून स्वतःचा मागवला. पाने आणि गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, माझ्याकडे नाशिकच्या टपारियाच्या आहेत, वर्षानुवर्षं चालल्या. चाकाच्या नटाला 19ची गोटी लागते, तीही कडा न झिजलेली. दुकानाच्या भाड्याच्या डब्यातली 19ची गोटी आतून गोल झाली होती. गिऱ्हाइकं नेमकी तीच घासतात.

मागच्या शॉकअपसाठी कॉम्प्रेसर मागायला जाऊ नका, भाडं वाया जाईल. वॅगनआरला मागं स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. फक्त शॉकअपचा बोल्ट काढण्याआधी ॲक्सलखाली जॅकचा आधार द्या, नाहीतर तो खाली लोंबकळतो. रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर. टांगलेल्या गाडीत आवळले तर बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

डिपॉझिट परत देताना मालक म्हणाला, "सुटे नाहीत, बाकीच्याचं ग्रीस घेऊन जा." घेतलं. ग्रीस घरात लागतंच. पण पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, ती मागून घ्या. चाकं सरळ रेषेत बसवायची, म्हणजे अलाइनमेंटची, सोय दुकानात नाही, पुढचे शॉकअप बदलल्यावर ती दुसरीकडून करून घ्यावी लागते. आणि मे महिन्यात जाल तर कॉम्प्रेसर सकाळीच उचला. दुपारी अंगणात पडलेल्या पान्याला हात लावायची सोय राहत नाही.