ग्लूमहेवन – जॉज ऑफ द लायन: वर्षभर पुरणारा खोका, रंगवायला चारच पुतळे

या बोर्डगेमच्या खोक्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे त्यात प्लास्टिकचे पुतळे फक्त चार आहेत. शत्रू सगळे पुठ्ठ्याचे, छापील, प्लास्टिकच्या चिमट्यात उभे करायचे. विकत घेताना ही काटकसर वाटते, पण रंगकाम करणाऱ्याला तीच सोयीची आहे. 2012 साली आलेल्या पहिल्या झॉम्बिसाइड या बोर्डगेमच्या खोक्यात 71 पुतळे होते. असा खोका घरी आला की पहिले पाच-सहा उत्साहात रंगतात आणि बाकीचे वर्षानुवर्षं राखाडीच राहतात. चार पुतळे मात्र पूर्ण होतात. शिवाय इथे खेळाडूच्या हातात असतात ते हेच चार, त्यामुळे केलेलं काम प्रत्येक डावात टेबलाच्या मधोमध दिसतं.

आयझॅक चिल्ड्रेसचा हा खेळ सेफालोफेअर गेम्सने 2020 मध्ये काढला. त्याआधीचा मूळ ग्लूमहेवन 2017 चा, 95 सिनॅरिओंचा (सिनॅरिओ म्हणजे मोहिमेतली एकेक लढाई), दोन्ही हातांनी उचलावा लागणारा खोका. त्यात नकाशाचे तुकडे शोधून जोडण्यातच बराच वेळ जातो. जॉज ऑफ द लायनमध्ये सिनॅरिओ 25, आणि नकाशे थेट पुस्तकाच्या पानांवर छापलेले. स्पायरल बाइंडिंगचं पुस्तक उघडलं, सपाट पसरलं, की झाली रणभूमी. पंधरा दिवसांतून एक सिनॅरिओ धरला तर 50 आठवडे होतात. मधले हरलेले डाव पुन्हा खेळायचे म्हटलं तर वर्ष अगदी भरगच्च जातं.

शिकवण्याची पद्धत फार विचार करून बसवली आहे. पहिले पाच सिनॅरिओ म्हणजे शिकवणीच. सुरुवातीला सोपे पत्ते मिळतात, मग नियम आणि पत्ते थोडेथोडे वाढत जातात. त्यामुळे नियमपुस्तक आधी पाठ करायची गरज नाही. ते घेऊन सगळ्यांना तासभर वाचून दाखवू नका, पहिलं पान उघडून सरळ खेळायला बसा.

खेळाचं मर्म पत्त्यांत आहे. प्रत्येक फेरीत हातातले दोन पत्ते निवडायचे, एकाचा वरचा भाग वापरायचा, दुसऱ्याचा खालचा. दोघांपैकी पुढे ठेवलेल्या पत्त्यावरचा आकडा तुमची पाळी कधी ते ठरवतो. वापरलेले पत्ते विश्रांती घेतली की हातात परत येतात, पण दर विश्रांतीला एक पत्ता त्या डावापुरता कायमचा जातो. हातात खेळण्याजोगे पत्ते उरले नाहीत की ते पात्र दमून बाहेर. म्हणजे पत्ते हेच शस्त्र आणि पत्ते हेच घड्याळ.

नवखे लोक हरतात ते नेमके इथे. काही पत्त्यांचा जोरदार भाग वापरला की पत्ता तिथल्या तिथे बाद होतो. तो पहिल्याच फेरीत वापरण्याचा मोह होतो, म्हणून हिशोब करून बघा. दहा पत्त्यांच्या पात्राला, एकही पत्ता असा न जाळता, विश्रांतीच्या फेऱ्या सोडून 25 फेऱ्या मिळतात: 5, 4, 4, 3, 3, 2, 2, 1, 1. पहिल्याच फेरीत एक पत्ता जाळला तर उरतात 21. तोच पत्ता हातात चार शिल्लक असताना वापरला तर नुकसान फक्त एका फेरीचं. जोरदार पत्ता शेवटच्या खोलीसाठी राखून ठेवा हा सल्ला सगळे देतात, त्यामागचं गणित हे आहे. दुसरी चूक विश्रांतीची. छोटी विश्रांती पटकन होते, पण जाणारा पत्ता चिठ्ठी काढल्यासारखा ठरतो (एक जखम सोसून दुसरा काढता येतो, तेवढीच सवलत). लांब विश्रांतीत अख्खी फेरी जाते, पण कोणता पत्ता सोडायचा ते तुम्ही ठरवता, दोन जखमा भरतात आणि वापरलेल्या वस्तू परत ताज्या होतात. शत्रू दूर असेल तर लांब विश्रांतीच घ्यावी.

वार किती जोरात बसला हे ठरवायला फाशांऐवजी प्रत्येकाकडे 20 पत्त्यांची एक गड्डी असते. तिच्यात शून्याचे 6, अधिक एक आणि उणे एकचे प्रत्येकी 5, अधिक दोन आणि उणे दोनचा एकेक, एक दुप्पट आणि एक साफ वाया. पातळी वाढली की यातले वाईट पत्ते काढून चांगले घालता येतात. गड्डी हळूहळू आपल्या बाजूने झुकत जाते आणि ते हाताला जाणवतं, हे या खेळाचं खरं सुख.

चार पात्रांपैकी दोघांनीच खेळायचं असेल तर रेड गार्ड आणि हॅचेट ही जोडी घ्या. रेड गार्ड पुढे उभा राहून मार झेलतो, शत्रूला ओढून आणतो. हॅचेट मागून कुऱ्हाडी फेकतो. दोघांचेही पत्ते दहा-दहा, समजायला सरळ. डेमॉलिशनिस्टकडे पत्ते नऊच, म्हणजे फेऱ्या 20. ती अडथळे फोडत पुढे घुसते आणि बेफिकीर खेळलं तर लवकर दमते. व्हॉइडवॉर्डनकडे अकरा पत्ते आणि 30 फेऱ्या, पण ती स्वतः कमी मारते आणि दुसऱ्यांकडून मारून घेते. पहिल्यांदा खेळणाऱ्याच्या हातात ती देऊ नका, शेवटी बसून राहिल्यासारखं वाटतं.

आता रंगकाम. पुतळे जोडलेलेच येतात, त्यामुळे गोंदाचं काम नाही. आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून जुन्या मऊ टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे रंग नखाने निघतो. कुऱ्हाडीचा दांडा किंवा शस्त्र वाकलेलं असेल तर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, बोटाने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. साच्याच्या जोडाची बारीक रेघ कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडा. धारेने खरवडलं की या मऊ प्लास्टिकला खाचा पडतात.

प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, कधी मारायचा हे आपल्याकडे पंचांग बघूनच ठरवावं लागतं. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रे कॅनला हात लावू नये. स्प्रेमधला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर धुरकट पांढरा होतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास: गरम वाऱ्यात रंगाचे कण पुतळ्यापर्यंत पोचण्याआधीच सुकतात आणि अंगावर रवा भुरभुरल्यासारखा खरखरीतपणा येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहाच्या सुमाराची कोरडी हवा सगळ्यात चांगली. कॅन दोन मिनिटं हलवा, 20 ते 30 सेंटिमीटरवरून मारा, फवारा पुतळ्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एकदाच जाड मारण्यापेक्षा तीन बारीक फटकारे.

पावसाळ्यातच सुरुवात करायची असेल तर व्हालेहो या रंगांच्या कंपनीचा ब्रशने लावायचा सरफेस प्रायमर आणा. राखाडीचा क्रमांक 73.601, काळ्याचा 73.602. पाणी न घालता पातळ पसरवा, खळग्यात साचू देऊ नका. हात लावल्यावर तासाभरात सुकल्यासारखा वाटतो, पण तो पॉलियुरेथेन आहे, पूर्ण घट्ट व्हायला दिवस लागतो. पावसाळ्यात दोन दिवस ठेवा. घाईने वर रंग चढवला तर प्रायमर रबरासारखा सोलून येतो.

रंग किती लागतात? दुकानातले मोठे संच बघून घाबरू नका. चार पुतळ्यांना आठ ते दहा बाटल्या भरपूर झाल्या: काळा, पांढरा, लाल, कातडी तपकिरी, हाडासारखा पिवळट, एक निळा किंवा जांभळा, एक त्वचेचा, एक पोलादी आणि एक तपकिरी शेड (खळग्यांत उतरून सावली दाखवणारा पातळ रंग). एका पुतळ्याला एका रंगाचा एक मिलीही लागत नाही. किंमत बघताना मिलीचा हिशोब करा. व्हालेहो मॉडेल कलरची ड्रॉपर बाटली 18 मिलीची (जुन्या 17 च्या), सिटाडेलच्या बेस रंगाची डबी 12 मिलीची. डबीचं झाकण नीट न लागल्याने रंग सुकण्याची भीती असते, म्हणून आपल्या उन्हाळ्यात ड्रॉपर बाटलीच बरी. कॅमलिनचे अॅक्रिलिक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पुतळ्याच्या बैठकीवरची माती, दगड, कोरड्या ब्रशचं काम (जवळजवळ कोरडा ब्रश उंच भागांवरून फिरवणं) यांना ते चालतात. चेहऱ्याला मात्र मिनिएचरसाठीच बनवलेला बारीक रंग लागतो, कारण तिथे थराची जाडी लगेच दिसते.

रंग ताकासारखा पातळ करा. ब्रशने अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा. रेघ धारेत राहिली पाहिजे, नखाच्या कडेला पळाली तर पाणी जास्त झालं. असे दोन हात द्या, पहिला हात पूर्ण सुकल्यावर दुसरा. वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, घरीच होतो. झाकणाचा हवाबंद डबा, त्यात ओला स्पंज किंवा चार पदरी टिश्यू, वर केक भाजायचा बेकिंग पेपर. मिठाईवाल्याचा मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. पावसाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डब्यात बुरशीचा वास येतो आणि रंगही बाटतो.

प्रत्येक पुतळ्याला एकच पद्धत लावू नका. हॅचेट आडदांड, शिंगवाला, अंगावर खडबडीतपणा भरपूर. त्याला काळा प्रायमर, त्यावर कोरड्या ब्रशने राखाडी, मग फक्त उंच भागांवर पांढरा, आणि वरून सिटाडेलच्या कॉन्ट्रास्टसारखा पारदर्शक रंग. खळग्यांत तो आपोआप गडद बसतो आणि संध्याकाळभरात पुतळा उभा राहतो. हीच युक्ती व्हॉइडवॉर्डनच्या झग्यावर फसते. सपाट कापडावर पारदर्शक रंग डागडाग होऊन सुकतो, कारण त्याला साचायला खळगाच नसतो. तिच्यासाठी साधे पातळ थर एकावर एक चढवा. पारदर्शक रंगांत आर्मी पेंटर कंपनीचे स्पीडपेंट घेणार असाल तर 2.0 लिहिलेलेच घ्या, पहिल्या मालिकेतला रंग सुकल्यावरही वरच्या ओल्या थराने पुन्हा सुटायचा. डेमॉलिशनिस्टला यांत्रिक हातांमुळे धातूचा रंग जास्त लागतो. धातूच्या रंगासाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवा, त्यातली चमचम दुसऱ्या रंगात गेली की निघत नाही.

शेड लावताना त्याची तळी साचतात. ओला असतानाच स्वच्छ, दमट ब्रशचं टोक टेकवून जास्तीचं टिपून घ्या. अर्धवट सुकलं की हात लावायचा नाही, नाहीतर भरतीच्या पाण्यासारखी कडा उमटते आणि तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

डोळ्यांची गंमत अशी की पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी होते, इथे ती आधी करायची. चेहरा चण्याच्या डाळीएवढा, डोळ्याची रेघ निसटणारच. आधी गडद तपकिरी पट्टी, त्यात पिवळट पांढरी आडवी रेघ, मग मधोमध वरून खाली काळी उभी रेघ. ठिपका देऊ नका, पात्र दचकल्यासारखं दिसतं. रेघ बाहेर गेलेली असली तरी नंतर त्वचेच्या रंगाने कडेने आत येत झाकता येते. त्यासाठी तीन शून्यांचा केसाएवढा ब्रश घ्यायची गरज नाही, त्याच्या टोकावरचा रंग पुतळ्यापर्यंत जाईतो सुकतो. एक नंबरचा चांगल्या टोकाचा गोल ब्रश पुरतो.

शेवटी वार्निश, कारण हे पुतळे सतत हाताळले जातात आणि रंग आधी कोपर, शिंगं, कुऱ्हाडीच्या कडांवरून उडतो. आधी चकचकीत वार्निशचा एक हात, सुकल्यावर मॅटचा एक. मॅटची बाटली वापरण्याआधी चांगली हलवा. चमक मारणारी पावडर तळाशी बसलेली असते, ती नीट मिसळली नाही तर गडद रंगावर पांढरट भुकटी दिसते. स्प्रे वार्निशला पावसाळ्याचा नियम प्रायमरइतकाच लागू.

तक्रारीही आहेत. पुस्तकाच्या मधल्या स्पायरलवरून घरं मोजताना गोंधळ होतो आणि छोट्या खोलीत पुठ्ठ्याचे शत्रू दाटीवाटीने उभे राहतात, मागच्याचा आकडा वाचायला वाकावं लागतं. शत्रूंचे 16 प्रकार. प्रत्येकाचे पुठ्ठे, माहितीचं कार्ड आणि पत्ते एकेका झिपच्या पिशवीत ठेवले नाहीत तर मांडामांडीतच उत्साह संपतो. पत्ते दोन मापांचे आहेत. प्लास्टिकची कव्हरं मागवण्याआधी पट्टीने मोजा, आणि कव्हरं घालाच, कारण दमट हवेत पत्ते धनुष्यासारखे वाकतात आणि पिसताना पाठीवरून ओळखू यायला लागतात. खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. सगळा मजकूर इंग्रजीत आहे. पत्त्यांवर चिन्हंच जास्त असल्याने खेळ अडत नाही, पण गोष्ट वाचून दाखवणारं एक माणूस टेबलावर हवं.

नकाशावर स्टिकर लागतात, तरी मोहीम संपल्यावर खोका निकामी होत नाही. दुसरी दोन पात्रं घेऊन तेच 25 सिनॅरिओ वेगळे खेळले जातात, आणि मूळ ग्लूमहेवन कुणा मित्राकडे असेल तर हे चारही पुतळे त्यांच्या पत्त्यांसकट तिथेही चालतात. नेताना मात्र पुतळे मूळ खोक्यात सुटे टाकू नका. फोमचे तुकडे कापून प्रत्येकाला वेगळा कप्पा करा.